अक्षता पडल्या आणि लोक उठले

“लई भारी पिक्चर हाय,” असं म्हणत तो माणूस पायऱ्या उतरून पार्किंगकडे निघाला. पिक्चर अजून निम्मा बाकी होता.

त्याच्या मागोमाग त्याची बायको, मग आणखी दोन कुटुंबं, मग कॉलेजच्या मुलींचा एक घोळका. सगळ्यांचे चेहरे हसरे. एक मुलगी तर पिक्चरमधलं गाणं गुणगुणत होती. गाड्यांना किक बसल्या आणि मंडळी गेली. मी गेटपाशी उभा राहून बघत राहिलो. थिएटरच्या धंद्यात माझी उमर गेली. पिक्चर आवडला नाही म्हणून शिव्या घालत जाणारे पाहिलेत, शिट्ट्या मारून पडदा फाडायला उठलेले पाहिलेत. पण पिक्चर आवडला म्हणून अर्ध्यात घरी जाणारा माणूस मी त्या शुक्रवारी पहिल्यांदा पाहिला.

मी बारामतीत दोन स्क्रीनच्या एका थिएटरचा मॅनेजर. गाव कन्हेरी, रोज स्कूटरवर येऊन जाऊन. त्या आठवड्यात एक नंबरला मारधाडीचा मोठा हिंदी पिक्चर होता. तिकडे गर्दी, धक्काबुक्की, सगळं नेहमीसारखं. दोन नंबरला एक छोटा मराठी पिक्चर लागला होता. दिग्दर्शिका आमच्याच भागातली, इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवची. मयूरी तिचं नाव. पुण्यात राहून तिनं हा पहिलाच पिक्चर केला होता. मोठं नाव कुणाचं नाही, त्यामुळे तो मोजक्याच ठिकाणी लागला होता आणि आमचं थिएटर त्यातलं एक.

गोष्ट म्हटली तर साधी, म्हटली तर चमत्कारिक. साखर कारखान्याच्या काट्यावर, म्हणजे जिथं उसाच्या गाड्यांचं वजन होतं तिथं, एक पोरगा कामाला असतो. त्याला रोज स्वप्न पडतं. स्वप्नात उजनी धरणाच्या पाण्यावरून एसटी चालते. चाकं भिजत नाहीत, रोहित पक्षी बाजूनं चालतात आणि थांबा आला की पंख पसरून गाडी थांबवतात. कंडक्टर एक मुलगी. पोरगा तिच्या प्रेमात पडतो. पाण्यातून वर आलेल्या जुन्या देवळापाशी दोघांचं लग्न लागतं, आकाशातून अक्षता पडतात, गाणं होतं, पडदा काळा होतो. हा झाला निम्मा पिक्चर. पुढच्या निम्म्यात तो काट्याच्या केबिनमध्ये जागा होतो आणि त्या मुलीला शोधायला बारामती डेपोत येतो. तिथं तशीच एक कंडक्टर भेटते, पण ती त्याला ओळखत नाही. किंवा ओळखते. ते शेवटपर्यंत सांगितलेलंच नाही.

ही गोष्ट मला नंतर कळली. त्या शुक्रवारी मला एवढंच दिसत होतं, की इंटरव्हलला निम्मं थिएटर रिकामं होतंय. आमच्या भाषेत त्याला वॉकआउट म्हणतात आणि पिक्चरच्या दृष्टीनं तो यमदूत.

आता तुम्ही म्हणाल, एखाद्याला थांबवून विचारायचं की बाबा का चाललास. तर तसं विचारायचं नसतं. अर्ध्यात निघालेल्या गिऱ्हाइकाला कारण विचारलं की तो पैसे परत मागतो, हे मला पहिल्याच मालकानं शिकवलं होतं. फार तर “कसा वाटला?” एवढं विचारायचं. मी विचारलं. सगळे म्हणाले, भारी. मी मनात म्हटलं, आपल्या भागातल्या पोरीचा पिक्चर आहे, तोंडावर वाईट कोण म्हणणार.

जे शेवटपर्यंत बसले होते, त्यांची तर वेगळीच तऱ्हा. ते बाहेर आले ते एकमेकांशी भांडत. एका बाईंनी मला हिरॉइन एक होती की दोन ते विचारलं. एक तरुण नवरा बायकोला समजावत होता, की ते लग्न झालंच नव्हतं, आणि बायको म्हणत होती, मी डोळ्यांनी पाहिलं ना. एक आजोबा माझ्या केबिनमध्ये येऊन बसले. त्यांचं म्हणणं, आम्ही एका पिक्चरचं शेपूट दुसऱ्याला जोडलंय. मी त्यांना चहा पाजला आणि आमच्या ऑपरेटरला, दत्तूला, बोलावलं.

ऑपरेटर म्हणजे पिक्चर चालवणारा. आता रिळं नसतात. पिक्चर कॉम्प्युटरमध्ये येतो, आणि ऑपरेटर त्याची प्लेलिस्ट लावतो. आधी जाहिराती, मग पिक्चर, कुठं दिवे घालवायचे, कुठं इंटरव्हलला थांबून दिवे लावायचे, सगळं आधीच सांगून ठेवायचं. दत्तूनं प्लेलिस्ट उघडून दाखवली. सगळं जागच्या जागी. आजोबांचं समाधान झालं नाही. खरं सांगायचं तर माझंही झालं नाही.

संध्याकाळी पुण्याहून देसाईंचा फोन आला. देसाई म्हणजे बुकर. कुठला पिक्चर कुठल्या थिएटरला किती दिवस ठेवायचा, हे ज्याच्या हातात असतं तो माणूस. त्यांनी रिपोर्ट विचारला. मी आहे ते सांगितलं. अर्धे लोक अर्ध्यात जातात, खूश असतात. अर्धे शेवटपर्यंत बसतात, गोंधळलेले असतात.

“शिंदे, दुपारी काही घेतलंय का?” देसाई म्हणाले.

मी माळकरी माणूस. मला राग आला, पण त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं. देसाईंनी सोमवारपर्यंत मुदत दिली. सोमवारी असंच चित्र असलं तर पिक्चर उतरवायचा आणि दोन नंबरलाही मारधाड लावायची. बाकीच्या गावांतूनही तो उतरायच्याच बेतात होता. बारामतीतून, म्हणजे घरच्या गावातून उतरला, की संपलं. अशा पोरीला पुढचा पिक्चर कुणी देत नाही.

शनिवारी दुपारी थिएटरसमोर दोन जीपगाड्या थांबल्या. पळसदेवची मंडळी. पुढच्या गाडीतून एक उंच, काटक म्हातारा उतरला, कडक इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. सरळ माझ्यापाशी आला.

“मी मयूरीचा बाप. समदी तात्या म्हणत्यात. पिक्चर कुठं हाय?”

मी त्यांना मधल्या रांगेत बसवलं. आत जाता जाता त्यांनी मला न विचारताच सगळं सांगितलं. पोरीला इंजिनिअर करायचं होतं, तिनं हे खूळ काढलं. ऊस, कारखान्याचं सभासदत्व, मासे, सगळं घरात आहे, काही कमी नाही, पण पोरगी काय करते ते चार माणसांत सांगता येत नाही. आज बघू म्हणाले. त्यांची बायको आली नव्हती, म्हशीच्या धारा काढायला कुणी तरी मागं लागतं.

मी त्या दिवशी मुद्दाम एक नंबरचं काम सोडून इंटरव्हलला दोन नंबरच्या दारात थांबलो. दिवे लागले, दार उघडलं, आणि सगळ्यात पुढं तात्या. मागं सगळं पळसदेव.

बापानंच अर्ध्यात सोडला, आता देसाईंना काय सांगायचं? पण तात्यांचा चेहरा बघावा तर लग्नघरच्या मालकासारखा फुललेला. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, मला पळसदेवला मासे खायला बोलावलं, आणि कँटीनच्या माणसाला सांगून सगळ्यांना चहा पाजला. मग दोन्ही जीप निघून गेल्या. मी तिथंच उभा. आत घंटा वाजली, उरलेल्या लोकांसाठी पिक्चर पुढं सुरू झाला. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता. मी दत्तूला म्हटलं, एक तर ही माणसं वेडी आहेत नाही तर आपण. दत्तू म्हणाला, सायेब, आपला पगार वेळेवर हाय, आपण न्हाय.

घरी निघताना मयूरीचा फोन आला. आवाज पडलेला. देसाईंनी तिला वॉकआउटचं सांगितलं होतं.

“काका, पण तात्यांचा फोन आला होता,” ती म्हणाली. “आजवर माझ्या कामाबद्दल एक शब्द बोलले नव्हते. आज म्हणाले, शेवट गोड केलास.”

“मग चांगलंच झालं की.”

“काका, माझ्या पिक्चरचा शेवट गोड नाहीये.”

तात्यांनी शेवट पाहिलाच नाही, हे मला माहीत होतं. पण बापानं तुझा पिक्चर अर्ध्यात सोडला, हे पोरीला कसं सांगायचं? मी म्हटलं, उद्या येऊन जा.

रविवारी बाराच्या शोला ती माझ्याशेजारी शेवटच्या रांगेत बसली. बारीक चणीची, डोळ्यांखाली काळं, सारखी बोटं मोडत होती. मीही हा पिक्चर पहिल्यांदाच बसून बघत होतो. पाण्यावरची एसटी आली तेव्हा पोरंसोरं खिदळली. एके ठिकाणी भर पाण्यात गाडी पंक्चर होते, सगळे पॅसेंजर टपावर चढून बसतात आणि ड्रायव्हर बुडी मारून स्टेपनी शोधतो, तेव्हा थिएटर चांगलंच हसलं. मग लग्न. अक्षता पडल्या, गाणं संपलं, पडदा काळा झाला आणि दिवे लागले.

मयूरी ताडकन उठली. “दिवे का लावले?”

“इंटरव्हल.”

“माझ्या पिक्चरला इंटरव्हल नाहीये, काका. अंधारातून तो एकदम जागा होतो. सगळा पिक्चर त्या अंधारावर उभा आहे.”

मी उत्तर देणार तेवढ्यात आमच्या पुढच्या रांगेतली एक आजी गुडघ्यावर हात टेकून उठली. तिचा मुलगा अजून बसूनच होता. ती त्याला म्हणाली, “ऊठ की. लगीन लागलं, अक्षता पडल्या. आता काय जेवाय थांबायचं हाय व्हय?”

मयूरीनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. आणि मला एकदम सगळं लख्ख दिसलं. आपल्याकडे लग्नाला गेलेला माणूस मंगलाष्टकं संपायची वाट बघत असतो. शेवटचं ‘सावधान’ झालं, अक्षता पडल्या की निम्मा मांडव उठतो. त्यात दिवे लागलेले. पडद्यावर ‘मध्यंतर’ अशी पाटी नाही, कारण पिक्चरवालीनं इंटरव्हल ठेवलेलाच नाही. लोकांना वाटलं, संपला. जे बसून राहिले ते गर्दी कमी व्हायची वाट बघतायत, असं उठलेल्यांना वाटलं. एक माणूस उठला की दहा उठतात. कुणी वॉकआउट करत नव्हतं. पिक्चर आवडलेली माणसं आनंदानं घरी जात होती.

दत्तूला विचारलं तर त्यानं सरळ सांगितलं. पिक्चरमध्ये इंटरव्हलची जागा दिलेली नव्हती, म्हणून त्यानं बरोबर मध्यावर काळा पडदा बघून तिथं दिवे लावले. त्याचं काही चुकलं नव्हतं. असा पिक्चर आला की ऑपरेटर हेच करतात.

मी आजीला आणि तिच्या मुलाला परत बसवलं. बाकीचे पायऱ्या उतरून गेलेही होते.

केबिनमध्ये बैठक बसली. मयूरीचं म्हणणं, इंटरव्हल काढून टाका. हे ऐकून कँटीनवाले बबनराव आत आले. ते सहसा बोलावल्याशिवाय येत नाहीत, पण हा शब्द त्यांना भिंतीपलीकडूनही ऐकू जातो. छोटी थिएटरं तिकिटावर चालत नाहीत, समोशावर चालतात, हे मी मयूरीला समजावलं. तिला ते कळत होतं, पण डोळ्यांत पाणी आलं. अंधार तोडला तर तिचा पिक्चर मोडतो. इंटरव्हल तोडला तर आमचं कँटीन.

बबनरावांनी खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले. मग म्हणाले, “त्या पंक्चरपाशी थांबवा की.”

“म्हणजे?”

“गाडी बंद पडली की पॅशिंजर चहाला उतरतोच. आन् गाडी सुटंल म्हणून पळत माघारी बी येतो.”

त्यांचा स्वार्थ उघड होता, समोशांचा ताजा घाणा निघाला होता. पण मयूरी हसली. आल्यापासून पहिल्यांदा मी तिला हसताना पाहिलं. दत्तूनं दहा मिनिटांत खूण हलवली.

मग तिनं तात्यांना फोन लावला. स्पीकरवर होता, त्यामुळे आम्हीही ऐकलं.

“तात्या, परत या. पिक्चर राहिलाय अजून.”

“दुसरा भाग काढलास व्हय? एवढ्यात?”

“न्हाय तात्या. तोच हाय. तुमी निम्माच बघितला.”

मग ते येतो एवढंच म्हणाले. मयूरीनं फोन ठेवला. तिनं आम्हाला विचारलं, बोलावलं ते चुकलं का? आयुष्यात पहिल्यांदा बापानं चांगलं म्हटलं होतं, गावभर सांगितलं होतं, आणि आता तीच त्यांना बोलावून दाखवणार होती की ते लग्न खोटं होतं. मला दोन मुली आहेत. मी तात्यांसाठी मधल्या रांगेतलं तिकीट काढून ठेवलं.

तीनच्या शोला तात्या एकटेच आले, एसटीनं. या वेळी टोपी हातात होती. मयूरी त्यांच्याशेजारी बसली नाही, मागं माझ्यापाशी उभी राहिली. पंक्चरला दिवे लागले, लोक हसत उतरले आणि बबनराव म्हणाले तसे घाईनं परतले. पुढं लग्न आलं. अक्षता पडताना तात्यांचा उजवा हात गुडघ्यावरून जरासा वर आला आणि परत खाली गेला. पडदा काळा झाला. काही लोक सवयीनं अर्धवट उठले, पण दिवे लागेनात, म्हणून परत बसले. मग कारखान्याचा भोंगा झाला, पोरगा काट्याच्या केबिनमध्ये जागा झाला, आणि अख्ख्या थिएटरातून “अरं” असा एकच आवाज निघाला. मयूरीनं माझी बाही घट्ट धरली होती.

शेवटी ती डेपोतली कंडक्टर त्याला तिकीट देते, ते धरणात बुडालेल्या जुन्या गावाचं असतं. पिक्चर संपतो. लोक शुक्रवारसारखेच गोंधळलेले बाहेर आले. फरक इतकाच, की या वेळी सगळेच गोंधळलेले होते आणि कुणी घरी जाईना. पार्किंगमध्ये घोळके करून उभे राहिले. कुणी म्हणे तिला सगळं आठवतंय, कुणी म्हणे तिचं तिकिटाचं मशिन बिघडलं होतं.

तात्या सगळ्यांत शेवटी आले. मयूरी समोर होती, पण ते बोलले माझ्याशी.

“म्यानेजरसायेब, कालचा बरा होता.”

मयूरीनं मान खाली घातली.

“काल घरी गेलो, जेवलो, निवांत झोपलो,” तात्या म्हणाले. “आज न्हाय झोप लागायची.”

ही तक्रार होती की शाबासकी, मला अजून कळलेलं नाही. टोपी घालून त्यांनी पोरीकडे पाहिलं. “ती पोरगी त्याला वळखती का न्हाय?”

“तुमाला काय वाटतं, तात्या?”

“मला इचारतीस? पिक्चर तू काढलायस.” ते थोडा वेळ पार्किंगमधल्या भांडणाऱ्या लोकांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “उद्या तुझ्या आईला घिऊन येतो. धारा मी काढीन लवकर. तिला इचारू, तिला आसलं कळतं.”

मयूरी रडायला लागली. तात्या गोंधळले. त्यांनी खिशातला रुमाल काढून दिला आणि बसस्टँडला सोडायला कुणी आहे का, ते मला विचारलं.

सोमवारी देसाईंचा फोन आला. पब्लिकची रिअ‍ॅक्शन काय, त्यांनी विचारलं.

“कुणाला काही कळलेलं नाही,” मी म्हणालो.

“मग उतरवू या.”

“उतरवू नका. पिक्चर पुढं होता हे गावभर झालंय. शनिवारी बघून गेलेले विचारतायत, आमचा निम्मा पिक्चर कुठंय? राहिलेला निम्मा बघायला परत तिकीट काढतायत. तिचा बाप तिसऱ्यांदा आलाय, या वेळी बायकोला घेऊन. दोघं आत बसलेत.”

देसाईंनी मला तिकिटांचा आकडा दोनदा सांगायला लावला. मग म्हणाले, अजून एक आठवडा ठेवा. त्या आठवड्यात मारधाड एकाच स्क्रीनवर राहिली. आमच्या मालकांनी कुरकुर केली, बबनरावांनी केली नाही.

तात्यांच्या बायकोला काय वाटलं, ते मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ती वळखती, पण पोरगं अजून झोपलंय. म्हणजे काय, ते मला कळलं नाही, तात्यांनाही कळलं नाही आणि मयूरीलाही नाही. तिनं मात्र ते लिहून घेतलं.

धंद्यातला धडा म्हणाल तर छोटाच आहे. आपल्याकडे दिवे लागले की माणूस उठतो. ते कुठं लावायचे हे ज्याला कळलं, त्याला निम्मं थिएटर कळलं. उरलेलं निम्मं मला अजून कळलेलं नाही.